होले बाईंची गजरा

होले बाईंनी एका हाकेत ओ दिलेली मी कधी ऐकली नाही. हेडमास्तर व्हरांड्यातून "सुनंदाबाई" म्हणून हाक मारायचे. बाई चालत राहायच्या. दुसऱ्या हाकेला पावलं हळू व्हायची. तिसऱ्या हाकेला मान वळायची, तीही अशी की हाक दुसऱ्याच कुणा बाईला होती, ती काही दिसत नाही, तर आता आपणच जावं. कानानं बाई चांगल्या तिखट होत्या. शेवटच्या बाकावर कुणी चिंच चोखली तरी त्यांना ऐकू यायचं.

मांडवगण फराट्याच्या आमच्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या. माहेर कासुर्डीचं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. फुलं पिकवणाऱ्या घरातल्या, पण केसांत कधी फूल माळलं नाही. अंगानं काटक, पदर कमरेला खोचलेला, आवाज बारीक पण पार मैदानापर्यंत जाणारा. गावातच एका खोलीत एकट्या राहायच्या. दर शनिवारी शाळा सुटली की एसटीनं कासुर्डीला जायच्या आणि सोमवारी सकाळी हजर. माहेरी काय केलं, कोण भेटलं, हे विचारलं तर म्हणायच्या, "बघून आले." भेटून आले, असं कधी म्हटल्या नाहीत.

धडा शिकवताना बाईंची भाषा पुस्तकी असायची. ऑफ तासाला गोष्ट सांगायला लागल्या की गावाकडची व्हायची. गोष्ट एकच, आठवीपासून दहावीपर्यंत चाललेली. गजरा नावाच्या पोरीची. गजरा आमच्याच वयाची. आम्ही आठवीत होतो तेव्हा ती घरच्यांशी शाळेच्या चपलेवरून भांडत होती, नववीत गेलो तेव्हा ती चुलत्याला उलटं बोलली, आणि दहावीत तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली. गोष्ट सुरू करण्याआधी बाई पहिल्या बाकावरच्या पोरींना म्हणायच्या, "सरकून बसा गं जरा. तिला जागा करा." आम्ही सरकायचो. बाकाच्या टोकाला वीतभर जागा मोकळी राहायची. सुरुवातीला हसायचो. नंतर नंतर हसू यायचं बंद झालं, कारण बाई गोष्ट सांगताना आमच्याकडं कमी आणि त्या मोकळ्या जागेकडं जास्त बघायच्या. मधेच थांबायच्या, कान द्यायच्या आणि म्हणायच्या, "न्हाई, तसं न्हाई झालं," आणि सांगितलेलं वाक्य बदलायच्या.

तास संपताना आम्ही ओरडायचो, "बाई, पुढं काय झालं?"

"अजून झालं न्हाई."

"म्हंजी?"

"म्हंजी झालं की सांगते."

शाळेच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली बाईंकडं असायची. कुणी कादंबरी वाचून परत आणली की बाकीचे मास्तर विचारतात तसं, काय शिकलीस, बोध काय, असलं त्या विचारायच्या नाहीत. त्यांचा एकच प्रश्न. "शेवटी पोरगी कुठंय?"

आमच्या वयाच्या बंडखोर पोरींच्या गोष्टी त्या मुद्दाम काढून द्यायच्या. पहिल्या शंभर पानांत त्या पोरी काय काय करायच्या! केस कापायच्या, बापाला जाब विचारायच्या, रात्र रात्र वाचायच्या, कुणावर तरी जीव लावायच्या. आम्ही जीव मुठीत धरून वाचायचो. मग बाई विचारायच्या.

"शेवटी पोरगी कुठंय?"

"लग्न झालं, बाई. सुखात हाय."

"आन् तुझ्यातली?"

"गाडीखाली गेली, बाई."

"मने, तुझी?"

"माझं चुकलं म्हणली, बाई. आईच्या गळ्यात पडून रडली. शहाणी झाली."

बाई पुस्तकं एकावर एक ठेवायच्या आणि म्हणायच्या, "म्हंजी तिघी मेल्या. लिहिणाऱ्याला बंड आवडतं, पण शंभर पानांपुरतं. पुढं त्या पोरीचं करायचं काय, हे त्याला सुचत न्हाई. मग तो तिला ढकलतो. मी गजराला ढकलणार न्हाई. तिचं काय करायचं ते कळंपर्यंत गोष्ट चालू राहील."

सोपान म्हणून आमच्या वर्गात एक आगाऊ पोरगा होता. तो म्हणाला, "पण बाई, ती घर सोडून गेली तर तिला करून कोण घालणार?"

"तुझ्यासारखा एखादा. भाकरी येती का थापायला?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. मोकळ्या जागेकडं बघून म्हणाल्या, "ती पण तेच विचारती."

आणखी एक गोष्ट आम्हाला विचित्र वाटायची. बाई फोटोत उभ्या राहायच्या नाहीत. दहावीच्या निरोपाला फोटोवाला आला, सगळे शिक्षक खुर्च्यांवर बसले आणि बाई त्याच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. मी हाताला धरून ओढलं तर म्हणाल्या, "राहू दे संगीता. माझा एक फोटो हाय भिंतीला. तेवढा पुरे."

आता मनीबद्दल सांगते. मनी माझी चुलत बहीण, माझ्याच वर्गात, अभ्यासात माझ्यापेक्षा हुशार. तिचे वडील म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांना आम्ही सगळेच आप्पा म्हणायचो. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं, पोरगेसुद्धा. दहावीचा निकाल लागायच्या आत पाटसकडचं स्थळ चालून आलं. मुलगा कारखान्यात कायम, घरी बागायत. मनीला सोळा वर्षं पूर्ण होत होती. आप्पा म्हणाले, "लगीन कुठं आत्ता करतोय? नुसती सुपारी फोडून ठिवू. अठराची झाली की बघू." मनी म्हणाली, मला शिरूरला कॉलेजात जायचंय. आप्पांनी ऐकलं आणि मोबाइलवर कुणाला तरी फुलांचा शुभ सकाळचा फोटो पाठवला. म्हणजे ऐकलंच नाही.

पाहुणे आले. मनीला साडी नेसवून पाटावर बसवली. मी पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी. मुलाच्या मामानं रीतीप्रमाणं विचारलं, "नाव काय बाळ तुझं?"

मनी मान खाली घालून म्हणाली, "गजरा."

आप्पा हसले. "लाजती हो. घरात लाडानं म्हणत्यात कायबाय. सांग बाळा, नीट नाव सांग."

"गजरा."

"मने!" चुलती आतून म्हणाली.

मनीनं मान वर केली. ती कुणाकडंच बघत नव्हती. पाटाच्या एका टोकाला सरकून बसली होती आणि दुसऱ्या टोकाला वीतभर जागा मोकळी होती. आवाज तिचाच होता, पण सावकाश, जणू कुणी सांगतंय आणि ती पोचवतेय. "मनी आत हाय. तुम्ही माझ्याशी बोला. मी गजरा. कासुर्डीची. दारात बुचाचं झाड हाय त्या घरातली."

मी पोह्यांच्या बश्या पाहुण्यांपुढं ठेवून दिल्या. गजरा मला माहीत होती. कासुर्डी बाईंचं माहेर, पण गजराही तिथलीच हे मला माहीत नव्हतं. तीन वर्षांत बाईंनी गजराचं गाव एकदाही सांगितलं नव्हतं, आणि बुचाचं झाड तर नाहीच.

पाहुणे पोह्यांना हात न लावता उठले. पायऱ्या उतरताना मामा म्हणाला, "आप्पासाहेब, आधी बाहेरचं काय ते बघून घ्या."

दुसऱ्या दिवशी देवरुशी आला. अंगारा, लिंबू, धूप. त्यानं तेच विचारलं, नाव काय, गाव काय, आणि मनीनं तेच सांगितलं. मग त्यानं शेवटचा प्रश्न विचारला, "काय पायजे तुला? काय घिऊन जाशील?"

आमच्याकडं रीत अशी, की अंगात आलेलं जे मागेल ते द्यावं लागतं. दिलं की ते सोडतं. लुगडं मागतात, कोंबडं मागतात, कुणी जिलेबीसुद्धा मागितलेली मी ऐकलीय.

"कॉलेज," मनी म्हणाली.

देवरुशी गडबडला. "क्काय?"

"शिरूरच्या कॉलेजात जायचंय. माझं ऱ्हायलंय. हिच्यातनं जाणार."

आप्पा पुढं झाले, हात जोडले. जन्मात मनीपुढं त्यांनी हात जोडले नसते. "बाई, पैठणी नेसवतो. बोकड देतो. पोरीला सोड."

"बोकड तुम्हीच खाणार आप्पा. मला कॉलेज."

"आन् न्हाई दिलं तर?"

मनीनं शांतपणे आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं एकेकदा बघितलं. "मग मी हितंच ऱ्हाते. घर चांगलं हाय."

देवरुशी आप्पांना बाजूला घेऊन म्हणाला, "देऊन टाका आप्पा. ही जात हट्टी असती. कुवारपणी गेलेली दिसती."

ज्या आप्पांनी पोटच्या पोरीचं महिनाभर ऐकलं नव्हतं, त्यांनी मेलेलीचं एका बैठकीत ऐकलं. मनीचं ॲडमिशन ठरलं. आणि असली पोर एकटी कशी पाठवायची, म्हणून बरोबर माझंही ठरलं. आज मी बी.कॉम. आहे, आमच्या घरातली पहिली पदवीधर, मनीच्या आधी, कारण ती पुढं नर्सिंगला गेली. माझ्या पदवीचा कागद आईनं चौकट करून देव्हाऱ्याशेजारी लावलाय. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण त्या कागदाच्या मुळाशी कोण आहे, हेही मी लपवत नाही.

मनीनं नाटक केलं का? मी तिला कितीदा विचारलं. नावाचं आणि कॉलेजाचं विचारलं की ती हसते. गावाचं आणि बुचाच्या झाडाचं विचारलं की हसायची थांबते. "बाईंनी सांगितलं असंल की," म्हणते. "मला न्हाई सांगितलं," मी म्हणते. "मग मला तरी कवा सांगितलं?" ती म्हणते, आणि आम्ही विषय बदलतो. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. पण त्या झाडाचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

तेव्हा हे सगळं मी पळत जाऊन बाईंना सांगितलं होतं. बाई कपाटातली पुस्तकं उन्हात वाळत घालत होत्या. ऐकता ऐकता हात थांबले.

"गाव विचारलं तिला?"

"कासुर्डी म्हणली."

"आन् झाड?"

"बुचाचं."

बाई पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "मी हे सांगितलं नव्हतं ना गं?" त्या मला विचारत होत्या, खरोखर विचारत होत्या. आणि मला पहिल्यांदाच बाईंची भीती वाटली, कारण त्या स्वतः भ्यायल्या होत्या.

अंगातल्यानं गाव सांगितलं की त्या गावी, त्याच्या घरी जाऊन नारळ ठेवून यायचा असतो. आप्पा कासुर्डीला गेले. बुचाच्या झाडाचं घर विचारत गेले, तर लोकांनी होल्यांचं घर दाखवलं. दारात झाड नव्हतं, बुंधा होता, वर्षांपूर्वी तोडलेला. सोप्यात बसलेल्या म्हाताऱ्याला आप्पांनी विचारलं, या घरात कुणी गजरा होती का. म्हातारा म्हणाला, "व्हती. मेली. पंधराव्या वर्सी." कशानं, असं विचारलं तर म्हणाला, "मेली म्हंजी मेली. सगळ्या भावकीनं आंघुळी केल्या." आणि भिंतीकडं बोट केलं. तिथं हार घातलेला फोटो होता.

आप्पा तिथं पाणीसुद्धा न पिता परत आले. चुलतीला एवढंच म्हणाले, "फोटोत दोन वेण्या हायेत. पण होले बाईंचाच हाय."

संध्याकाळपर्यंत ते आळीत झालं आणि दोन दिवसांत गावात. होले बाई मेलेली हाय. मग लोकांना सगळंच आठवायला लागलं. पहिल्या हाकेला ओ देत न्हाई. फोटोत येत न्हाई. शनिवारी जाती कुठं, तर आपल्या जागेवर. घरमालकीण म्हणाली, तिच्या खोलीतनं भांड्याचा आवाज येत न्हाई. बाईंची दोनच भांडी होती, आवाज कुठून येणार? पालक हेडमास्तरांकडं गेले. हेडमास्तर चिडून म्हणाले, "अहो, दर महिन्याला पगाराच्या कागदावर सही करतात त्या! मेलेलं माणूस पगार घेईल का?"

"घेत्यात की सर," मागून कुणीतरी म्हणालं. "सरकारात लई हायेत."

बाईंच्या उंबऱ्यावर रोज सकाळी हळदकुंकू लावलेला नारळ दिसायला लागला. बाई तो शाळेत आणायच्या, टेबलाच्या कोपऱ्यावर फोडायच्या आणि पोरांना खोबरं वाटायच्या. निम्मा वर्ग खायचा, निम्मा हात मागं घ्यायचा. ही सगळी हकिगत धाकट्या भावाकडून मला कळायची. शेवटी संस्थेनं त्यांची बदली दौंडकडच्या शाळेत केली. निरोपसमारंभ झाला नाही. पिशवी उचलायला आम्ही दोघीच होतो, मी आणि मनी.

एसटीची वाट बघताना मनीनं विचारून टाकलं. "बाई, तुम्ही मेलाय म्हणत्यात."

"म्हणू दे. पहिल्यांदा न्हाई म्हणत." मग त्या रस्त्याकडं बघत बोलल्या, गोष्ट सांगायच्या तशाच आवाजात. "घरात मला गजरा म्हणायचे. सुनंदा शाळेतलं नाव. लग्नाच्या आदल्या दिवशी मी दौंडला मामीकडं निघून गेले. मामी रेल्वे क्वार्टरात ऱ्हायची, तिनं शिकवलं. हिकडं घरच्यांनी माझ्या नावानं आंघोळी केल्या. मेलेल्याच्या करत्यात तशा. फोटोला हार घातला. दर शनिवारी मी कासुर्डीला जाते, रस्त्याच्या पलीकडं हाटेलात चहा घेते आन् घराकडं बघते. रात्री दौंडला मामीकडं."

"आत जात न्हाई?"

"मेलेल्यानं आत कसं जायचं? बोलवावं लागतं." एसटी आली. पिशवी घेताना त्या म्हणाल्या, "सगळ्यांनी आंघोळी केल्या, मला मामीनं सांगितलं. पण आईनं केली का, ते तिला बघायला मिळालं न्हाई. तेवढंच मला कळायचंय."

पुढची बरीच वर्षं बाई भेटल्या नाहीत. मामी वारल्याचं कळलं. मी दौंडला एका पतसंस्थेत नोकरीला लागले. दरवर्षी पितृपक्षात आप्पा कुणाच्या तरी हाती कासुर्डीला नारळ आणि खण पाठवायचे. देवरुशानं सांगितलं होतं, विसरायचं नाही. यंदा त्यांचा फोन आला. "संगे, तू जाऊन यी. तू शिकलेली हायेस, तुला काय धरत न्हाई."

सर्वपित्री अमावस्या होती. गजराची तिथी कुणालाच ठाऊक नसल्यामुळं तिचं पान त्याच दिवशी वाढायचे. मी पोचले तेव्हा भर दुपार होती. तो सोप्यातला म्हातारा, बाईंचा बाप, आता फोटोत होता, गजराशेजारी. अंगणात केळीची दोन पानं मांडली होती, एक त्याचं, एक गजराचं, त्यांवर भात, खीर, वडे, भोपळ्याची भाजी, कढी. बाईंचा भाऊ उघड्या अंगानं हात जोडून उभा. उंबऱ्यात त्यांची आई बसलेली, पाठीला बाक आलेला, हात अजून पिठाचे. स्वयंपाक तिनंच केला होता.

पत्र्यावर कावळे होते. चार-पाच. एकही खाली येईना. म्हाताऱ्याचं पान त्यांनी केव्हाच खाऊन फिस्कटून टाकलं होतं. शेजारचं हे पान तसंच.

"दरसाल असंच हुतं बघा," भाऊ मला म्हणाला. मग पानाकडं बघून रीतीप्रमाणं विचारायला लागला. "गजरे, काय ऱ्हायलंय तुझं? आईला बघतो मी. पोरींना शिकवतोय. आणखी काय पायजे?"

ऊन पानावर सरकत होतं. भातावर साय धरल्यासारखं झालं होतं. कावळे मान तिरकी करून बघत होते, पण पानाकडं नव्हे, फाटकाकडं.

मी वळून बघितलं. रस्त्यापलीकडून होले बाई येत होत्या. केस पांढरे, पदर कमरेला खोचलेला. मी "बाई" म्हटलं. मग परत म्हटलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. फाटकाशी चपला काढल्या. अंगणातून सरळ चालत आल्या, बुंध्याला वळसा घातला आणि त्या पानावर मांडी घालून बसल्या.

भावाचे जोडलेले हात तसेच राहिले. तो ओरडला नाही की मागं सरला नाही. फक्त पुटपुटला, "आई..."

बाईंनी पानाभोवती पाणी फिरवलं, भात कढीत कालवला आणि पहिला घास घेतला. मग दुसरा. पत्र्यावरचे कावळे एकदम उडून गेले. अंगणात नुसता जेवणाचा आवाज.

पितरांचा स्वयंपाक चाखायचा नसतो. करणारीला तो कसा झालाय ते कधीच कळत नाही. इतक्या वर्षांची पानं त्या म्हातारीनं अशीच, न चाखता वाढली होती.

ती चौकटीला धरून उठली. एकेक पाऊल टाकत पानाशी आली आणि वाकून विचारलं.

"मीठ बरं हाय का गं?"

बाईंनी घास गिळला. "कमी हाय थोडं."

"बस, आणते," म्हातारी म्हणाली आणि आत गेली.